पटावरचे नाव : सीमाभागातील शाळाप्रवेशाची पाऊणदोनशे वर्षे



व्याख्यानमालेसाठी विषय निवडताना मी एखादा मोठा विषय घ्यावा, अशी काही मित्रांची सूचना होती. सीमालढा, संतसाहित्य, दक्षिण महाराष्ट्राचा राजकीय इतिहास, असे काहीतरी. मी मात्र फार साधा विषय घेतला आहे. आपल्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर कसे चढते? कोणी चढवते, कोणते प्रश्न विचारून चढवते आणि कधी चढत नाही? आपल्यापैकी प्रत्येक घराने हा प्रसंग अनुभवलेला आहे. आजोबांचे नाव चढले, वडिलांचे चढले, आपले चढले, आता नातवंडांचे चढायचे आहे. एकाच घरातल्या या चार नोंदी शेजारी ठेवल्या, तर सीमाभागाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास त्यांत दिसतो.

लोंढा हे हा इतिहास पाहायला चांगले ठिकाण आहे. खानापूर तालुक्यातले हे गाव रानात वसलेले. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आले आणि पुणे, हुबळी व मुरगाव अशा तीन दिशांच्या गाड्या येथे भेटू लागल्या. गुंजी-खानापूरकडून मराठी माणूस आला, नागरगाळी-अळणावरच्या बाजूने कन्नड माणूस आला, तिनईघाट-कॅसलरॉकच्या वाटेने कोंकणी बोलणारा आला, आणि रेल्वेच्या नोकरीने तेलुगू, तमिळ, उर्दू बोलणारी कुटुंबे आली. पुढे सुपा धरणात गावे बुडाली आणि जवळच रामनगरची वसाहत उभी राहिली. माणसांचा लोंढा यावा असे गावाच्या नावातच जणू लिहिले होते. इतक्या भाषांची मुले एका गावात असली की शाळेच्या दारात दोन प्रश्न उभे राहतात. जागा किती, हा पहिला. जागा कोणत्या भाषेतल्या, हा दुसरा. आजचे व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती फिरणार आहे.

दाराशी उभा असलेला मुलगा

पंतोजींच्या शाळेत प्रवेश असा नव्हताच. दसऱ्याला किंवा एखादा बरा दिवस पाहून मुलाला ओसरीवर नेऊन बसवायचे, पाटीची पूजा करायची, पंतोजींना शिधा-दक्षिणा द्यायची. पट नव्हता, वयाची अट नव्हती, तुकडी नव्हती. पण ओसरीवर कोणी बसायचे आणि अंगणातही कोणी यायचे नाही, हे गावाने ठरवलेले असे. ते कोठे लिहिलेले नव्हते, म्हणून त्याविरुद्ध अर्ज करण्याचीही सोय नव्हती.

सरकारी शाळा आल्या तेव्हा ही सोय झाली, आणि अर्ज आलाही. तो आपल्यापासून दूर नाही, लोंढ्याहून हुबळीकडे जाणाऱ्या मार्गावरच्या धारवाडात आला. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याला घेतले नव्हते. सरकारने जे उत्तर दिले ते शाळाप्रवेशाच्या इतिहासात नेहमी आठवावे असे आहे. मुलाच्या बाजूने न्याय आहे हे सरकारने मान्य केले, पण एका मुलासाठी बाकीची सगळी मुले शाळा सोडून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे कारण देऊन त्याला बाहेर ठेवले. प्रकरण कलकत्त्याला गेले, तेथून विलायतेला गेले, आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट केले की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांच्या लोकांसाठी आहेत. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रकरण वारंवार लोकांपुढे ठेवले.

या प्रकरणाने आपल्या विषयातला पहिला धडा दिला. शाळेत बाक रिकामा असूनही जागा नाही असे म्हणता येते. जागा मोजणारा कोण आणि तो कोणाच्या भीतीने मोजतो, यावर जागांची संख्या ठरते. आपण जुन्या मराठी घराण्यांतले लोक शाळेच्या तक्रारी करतो तेव्हा हे विसरू नये, की धारवाडच्या त्या दारात आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज आतल्या बाजूला होते.

कोणाची भाषा, कोणाचा पट

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते निघाले. १८६० च्या दशकात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांना मिळू लागला. खेड्यापाड्यांतल्या शाळा या आण्यावर निघाल्या. आणा देणारा शेतकरी आणि शाळेत बसणारा मुलगा मात्र बहुतेक वेळा एका घरातले नसत. हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हीच गोष्ट मांडली : पैसा रयतेचा, शिक्षण वरच्यांचे.

बेळगाव-धारवाडकडे याला भाषेचा पदर होता. पेशवाई आणि पटवर्धनादी संस्थानिकांच्या काळापासून दक्षिण मराठा मुलखात दप्तराची भाषा मराठी होती. शाळा निघाल्या तेव्हा मास्तर मराठी, पुस्तके मराठी. अनेक गावांत कन्नड घरातल्या मुलाला मराठी अक्षरे गिरवावी लागली. शिक्षणखात्यातले डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळा वाढवण्यासाठी जे कष्ट घेतले, त्यांची आठवण कन्नड समाज आजही आदराने काढतो. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, त्यामागेही मराठीच्या वर्चस्वाखाली कन्नड मागे पडते आहे ही खंत होती.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. मुलाच्या घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी, हे दुःख आपल्या वाट्याला १९५६ नंतर आले असे आपण समजतो. ते त्याआधी शंभर वर्षे आपल्या शेजाऱ्याच्या वाट्याला आले होते. ज्याला आपण आज आपला हक्क म्हणतो, तोच हक्क त्यांनी तेव्हा मागितला होता. हा इतिहास मान्य केल्याने आपली मागणी दुबळी होत नाही. उलट, मागणी न्यायाची असेल तर ती दोन्ही बाजूंना लागू पडली पाहिजे, एवढेच त्यातून निघते.

सक्ती या शब्दाची दोन आयुष्ये

विसाव्या शतकाच्या आरंभी सक्ती हा शब्द मराठी माणसाला आवडत होता. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता होता. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे आल्या, आणि १९४७ च्या कायद्याने ही सगळी व्यवस्था नव्याने बांधली.

सक्तीचा अर्थ त्या काळी सरळ होता. बापाने मुलाला शाळेत घातलेच पाहिजे. पण बापावर सक्ती केली की सरकारवरही एक सक्ती येते : त्या मुलासाठी जागा ठेवण्याची. गोखल्यांच्या विधेयकाला विरोध झाला त्यात पैशाचे कारण मोठे होते. मुले बोलावली आणि शाळा पुरली नाही तर काय, या प्रश्नाला सरकारजवळ उत्तर नव्हते.

त्या काळातली एक खूण आपल्या घराघरांत शिल्लक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहा. कितीतरी जणांची ती १ जून आहे. गावभर एकाच दिवशी बाळंतपणे झाली नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू होई, बाप मुलाला घेऊन येई, जन्माची नोंद कोणाकडे नसे. आई सांगे, मोठ्या पुराच्या आधीचा, किंवा धाकट्या दिराच्या लग्नाच्या वर्षीचा. मास्तर मुलाकडे बघून वय ठरवत आणि १ जून लिहून मोकळे होत. मुलाने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला की तो शाळेला योग्य, अशीही एक परीक्षा होती. आज ही सैल व्यवस्था हसण्यावारी नेली जाते. पण तिच्यात एक मोठेपणा होता : दारात आलेले मूल परत पाठवण्याचे कारण शोधण्याऐवजी त्याला आत घेण्याचे निमित्त शोधले जाई.

आता तो १ जून कर्नाटकात नियम होऊन बसला आहे. पहिलीत जाणाऱ्या मुलाला १ जूनला सहा वर्षे पूर्ण असली पाहिजेत, असा आदेश २०२२ साली निघाला, आणि पालकांच्या विनवण्यांमुळे तो २०२५-२६ पर्यंत पुढे गेला. त्याही वर्षापुरती पाच वर्षे पाच महिन्यांची सवलत द्यावी लागली. मुलाच्या वयात चार आठवड्यांचा फरक असला तर वर्ष जाते, म्हणून घराघरांत तारखा मोजल्या जातात. पूर्वी मास्तर अंदाजाने १ जून लिहीत, आता संगणक १ जूनला दार लावतो.

दहा आणि चाळीस

१ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. खानापूर गेले, लोंढा गेले. त्याआधी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला होता. त्या दिवशी आपण दरवर्षी हुतात्म्यांना वंदन करतो. शाळांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट त्याच वर्षी झाली आणि ती आपल्या सभांत फारशी बोलली जात नाही. राज्यपुनर्रचनेबरोबर झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. ३५० ब कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमण्याची तरतूद झाली आणि १९५७ पासून ते कार्यालय सुरू झाले.

पुरेशा सोयी म्हणजे किती? याचे उत्तर त्याआधीच, १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. एका वर्गात त्या भाषेची दहा मुले असतील, किंवा सबंध शाळेत चाळीस असतील, तर त्या भाषेचा किमान एक शिक्षक द्यावा. १९५६ च्या केंद्राच्या ज्ञापनाने हाच दंडक पुढे चालवला.

हे दोन आकडे नीट समजून घेण्यासारखे आहेत. समजा, चार यत्तांच्या शाळेत प्रत्येक यत्तेत नऊ मराठी मुले आहेत. एकूण छत्तीस. वर्गात दहा नाहीत, शाळेत चाळीस नाहीत. दोन्ही दंडक हुकले. आता तीच छत्तीस मुले निराळी वाटली गेली आहेत असे समजा : पहिलीत बारा, बाकी तीन यत्तांत आठ-आठ. पहिलीच्या जोरावर शिक्षक मागता येतो. आणि पहिलीत आठच, पण वरच्या तीन यत्तांत अकरा-अकरा असतील, तर एकूण बेरीज एकेचाळीस होऊन वरची मुले खालच्यांना तारतात. म्हणजे कोणा एका घराने आपले मूल काढून घेतले, तर ते केवळ स्वतःपुरते ठरवत नाही. शेजारच्या नऊ घरांचा निर्णयही ते घेऊन टाकते. गर्दीच्या शाळेत एक मूल जादा झाले की दार बंद होते, आणि लहान शाळेत एक मूल कमी झाले की दार बंद होते. सीमाभागातल्या मराठी कुटुंबाला ही दोन्ही दारे ठाऊक असायला हवीत.

मुले मोजायची कधी, हा पुढचा प्रश्न. १९५९ साली दक्षिण विभागीय परिषदेत राज्यांनी याची रीत ठरवली. शाळेत आगाऊ नोंदणीची वही ठेवायची. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत भाषिक अल्पसंख्याक पालकांनी आपल्याला कोणत्या भाषेतून शिक्षण हवे ते तिच्यात नोंदवायचे. एका शाळेत दहा भरत नसतील आणि जवळच्या शाळेत भरत असतील, तर शाळाशाळांत जुळवाजुळव करून मुलांना सामावून घ्यायचे. भाषेमुळे कोणी मूल प्रवेशावाचून राहू नये, हा त्यातला हेतू.

वाचायला ही रीत फार शहाणपणाची आहे. तिचे बळ आणि तिचे दुबळेपण एकाच जागी आहे, आणि ती जागा म्हणजे वही. ज्याची मागणी वहीत आहे त्याची मागणी आहे. ज्याने गाऱ्हाणे फक्त पारावर बोलून दाखवले, त्याची मागणी सरकारी हिशेबात नाही. वही ठेवली आहे का, ती कोणाच्या ताब्यात आहे, तिची मुदत केव्हा संपते, हे ज्या गावात कोणी विचारले नाही, त्या गावात मुले होती आणि मागणी नव्हती. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांत वर्षानुवर्षे आगाऊ नोंदणी आणि आंतरशालेय जुळवणी हा मथळा येत राहिला. आपण मोर्चांना गेलो, ते योग्यच होते. पण मार्च-एप्रिलमध्ये त्या वहीकडे आपल्यातले किती जण गेले?

न्यायालयाचे दार आणि पालकाची निवड

१९८० साली कवी वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९८१ मध्ये तिचा अहवाल आला, १९८२ मध्ये त्यासाठी कर्नाटकात मोठे आंदोलन झाले, आणि शाळेत कन्नडला पहिले स्थान देणारे आदेश निघाले. सक्ती या शब्दाचे दुसरे आयुष्य येथून सुरू होते. शाहू महाराजांच्या काळात सक्ती म्हणजे शिक्षणाचे दार उघडणे होते. आता कन्नडसक्ती म्हणजे दार कोणत्या भाषेत उघडेल हे ठरवणे झाले. १ जून १९८६ ला त्याविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. हिंडलग्याचे स्मारक त्यांचे आहे. तारीख पुन्हा १ जून. शाळा सुरू होण्याचा दिवस.

१९८९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्राथमिक स्तरावर कन्नड लादणाऱ्या आदेशाचा भाग भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांविरुद्ध ठरवला. सरकारने सुधारित आदेश काढला आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. पहिली ते चौथी मातृभाषेतून, हे तत्त्व त्यात होते. १९९४ च्या आदेशाने नव्या शाळांना चौथीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम ठेवण्यास सांगितले. कागदोपत्री मराठीला हे अनुकूल होते. पण पालकांना इंग्रजी हवे होते, आणि अनेक खासगी शाळांनी परवानगी कन्नड माध्यमाची घेऊन शिकवले मात्र इंग्रजीतून. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने विनाअनुदानित शाळांपुरता हा आदेश रद्द केला, आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की मुलाच्या वतीने माध्यम निवडण्याचा अधिकार पालकाचा आहे, सरकार मातृभाषाही लादू शकत नाही.

या निकालाचा परिणाम शांतपणे पाहायला हवा. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मिळावा म्हणून आपण तीस वर्षे झगडलो. शेवटी पालकाला निवडीचा हक्क मिळाला, आणि त्या हक्काने मराठी घरांनी इंग्रजी निवडले. कन्नड घरांनीही तेच केले. ज्या दोन भाषा शंभर वर्षे एका बाकासाठी भांडल्या, त्या दोन्हींचे बाक आता रिकामे होत आहेत आणि तिसऱ्या भाषेच्या दाराशी रांग आहे.

त्या रांगेचे नियमही ऐकून ठेवावेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. अर्ज जागांहून जास्त आले तर सोडत काढायची, चाळणी परीक्षा घ्यायची नाही, मुलाची वा पालकांची मुलाखत घ्यायची नाही, देणगी मागायची नाही. कर्नाटकात २०१२-१३ पासून असे प्रवेश सुरू झाले. २०१९ च्या आरंभी राज्याने नियम बदलला : परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तेथल्या खासगी शाळेत या जागा मिळणार नाहीत. उच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. बेळगाव शहरातल्या एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा खानापूरच्या शेतमजुराच्या घरातली ती वाट त्यामुळे जवळजवळ बंद झाली. त्याच २०१९ मध्ये सरकारने राज्यातल्या एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. म्हणजे ज्या आवारात मराठी किंवा कन्नड वर्गाला मुले मिळेनात, तेथेच दुसऱ्या खोलीत गर्दी होऊ लागली. दरम्यान २०१५ च्या कायद्याने पहिली ते दहावी कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांना बंधनकारक झाली, आणि २०१७-१८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हा कन्नड टाळण्यासाठी इंग्रजी शाळा हे कारणही आता उरलेले नाही.

परिसर या शब्दाचा अर्थ शहरात एक होतो आणि आपल्या रानात दुसरा. कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत जाण्याजोगे एक किलोमीटर हे अंतर धरले आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यांत पावसाळ्यात ओढे फुगले की एक किलोमीटर म्हणजे किती, ते नकाशावर दिसत नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा दंडक. वर्ग मात्र पाच असतात. पहिली, दुसरी व तिसरीची मुले नलीकली पद्धतीने एकत्र बसतात. एक शिक्षक बीईओ ऑफिसात माहिती द्यायला गेला किंवा जनगणनेच्या कामाला जुंपला, की सारी शाळा एकाच्या हाती. हे पाहून आई म्हणते, माझे मूल येथे नको. तिला दोष कोण देईल? पण तिचे मूल गेले की पट आणखी उतरतो, आणि पुढच्या आईला तीच शाळा आणखी ओकी दिसते.

दुसऱ्या एका सीमेवर

असे केवळ आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. बेल्जियम देशात डच आणि फ्रेंच भाषकांमधली भाषासीमा १९६२-६३ मध्ये कायद्याने कायम झाली. ब्रसेल्सभोवतीच्या गावांतले फ्रेंचभाषक पालक मुलांच्या शाळेसाठी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २३ जुलै १९६८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की आपल्या आवडीच्या भाषेत सरकारने शाळा काढून द्यावी असा हक्क शिक्षणाच्या हक्कातून निघत नाही. मात्र ब्रसेल्सजवळच्या सहा गावांतल्या फ्रेंच शाळांत केवळ पालकाच्या राहत्या ठिकाणावरून मुलाला अडवणे हा भेदभाव आहे. पालकांचे बहुतेक म्हणणे फेटाळले गेले आणि एक मुद्दा मान्य झाला. तो मुद्दा प्रवेशाचा होता.

आज ब्रसेल्समध्ये चित्र पालटले आहे. तेथल्या डच शाळांत इतर भाषकांची इतकी गर्दी होते की ज्या घरात डच बोलली जाते त्या घरांतल्या मुलांसाठी काही जागा अग्रहक्काने राखाव्या लागतात. थोड्यांची भाषा असलेली शाळा चांगली चालली, तर बहुसंख्यही तिच्या दाराशी येतात, एवढे त्यातून शिकता येते. शाळेचा पट तिच्या भाषेवर अवलंबून असतो हे अर्धेच खरे आहे.

आपल्या हातातले

मी इतिहासाचा अभ्यासक आहे, उपाय सांगण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. तरी जे इतिहासातून सरळ निघते तेवढे सांगून थांबतो.

पहिली गोष्ट, मोजणी आपण करावी. आपल्या गावात येत्या दोन वर्षांत सहा वर्षांची होणारी मराठी मुले किती, हे अंगणवाडीच्या ताईंना विचारून जानेवारीतच कळू शकते. आठ आहेत की अकरा, हे जूनमध्ये कळून उपयोग नाही.

दुसरी, मागणी लेखी असावी. पालकांच्या सह्यांचे पत्र शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि बीईओ ऑफिसला द्यावे, पोच घ्यावी, एक प्रत शाळेच्या एसडीएमसीच्या दप्तरी ठेवावी. घटनेचे कलम, १९४९ चा दंडक आणि १९५९ ची वही यांचा उल्लेख पत्रात असावा. सभेत दिलेल्या घोषणेची पोच मिळत नाही.

तिसरी, भांडण शाळेच्या भाषेशी करावे, शेजाऱ्याच्या भाषेशी नाही. आपल्या मुलाला कन्नड चांगले आले पाहिजे. लोंढ्याच्या फलाटावर वाढलेल्या मुलाला ते तसेही येते. मराठी शाळेत शिकून कन्नड उत्तम बोलणारे मूल हा आपल्या मागणीचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे.

चौथी गोष्ट सांगायला जड जाते. आपल्यापैकी किती घरांतली मुले आज मराठी शाळेत आहेत, हे मी विचारणार नाही, कारण मलाही उत्तर द्यावे लागेल. माझ्या घरातली एक पिढी मराठी शाळेत शिकली आणि पुढची इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली. त्या वेळी आम्ही घरात जे बोललो ते सर्व शहाणपणाचेच होते : नोकरी, स्पर्धा, पुढचे शिक्षण. आपल्या जाण्याने मागे राहिलेल्या वर्गात किती मुले उरली, हे मात्र कोणी मोजले नाही. ते मी पुष्कळ वर्षांनी मोजले. त्या वर्गात नऊ उरली होती.

प्रत्येकाने मूल मराठी शाळेतच घालावे असे सांगण्याचा नैतिक अधिकार मला नाही, हे उघड आहे. पण जे मूल घालत नाहीत, त्यांनाही त्या शाळेसाठी काही करता येते. निवृत्त शिक्षकांना तेथे जाऊन आठवड्यातून दोन दिवस शिकवता येते. एसडीएमसीच्या बैठकीला लागेल ती मदत करता येते. छपराच्या गळतीचे पत्र लिहिता येते. शाळा टिकली तर शेतमजुराच्या, गवळ्याच्या, रेल्वेच्या रोजंदारीवरच्या माणसाच्या मुलाला तिचे दार उघडे राहते. निवड करायला ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याच्यासाठी ही शाळा हीच एक जागा आहे. १८५६ साली धारवाडच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला एका जागेचाच प्रश्न होता. त्याला सांगितले गेले की तू एकटाच आहेस. आज सीमाभागातल्या लहान मराठी शाळेतल्या मुलांना हेच वेगळ्या शब्दांत सांगितले जाते : तुम्ही नऊच आहात.

दहावे नाव कोणाचे, एवढाच प्रश्न येत्या १ जूनला आपल्या गावागावांत असेल.